मागचा दिवा, फुटका आरसा, संपलेली पीयूसी: पोलिसांनी थांबवलं तेव्हा कसे वागले?

सह्यवाट

गाडीत किरकोळ बिघाड असताना वाहतूक पोलिसांनी थांबवलं, तर ते तुमच्याशी कसे वागले, हे जाणून घ्यायचं आहे. सिग्नल तोडणं, दारू पिऊन चालवणं, राँग साइडने येणं हे विषय इथे नकोत. तिथे दंड व्हायलाच हवा. मी बोलतोय ते मागचा एक दिवा बंद, इंडिकेटरची काच फुटलेली, एका बाजूचा आरसा नाही, स्क्रू निघून नंबरप्लेट कलंडलेली, पीयूसी परवाच संपलेली, अशा गोष्टींबद्दल.

गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन गावी निघालो होतो. घाट उतरल्यावर एका नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावली. काच खाली केली तोच हात आत आला आणि किल्ली बाहेर. "मागचा लाइट बंद आहे, दिसत नाही का तुला?" मागचा लाइट ड्रायव्हरला सीटवरून दिसत नाही, एवढंच मी म्हणालो. त्यावर "कायदा शिकवू नकोस." वडील पंचाहत्तरीचे, आयुष्यभर शाळेत शिकवलेले. ते समजुतीने दोन शब्द बोलायला गेले, तर "म्हाताऱ्या, तू गप बस." पाचशेचं चलन झालं, भरलं. पैशाचं काहीच नाही. वडील पुढचा सगळा रस्ता बोलले नाहीत, ते मात्र अजून जात नाही मनातून.

त्याच संध्याकाळी, दिवा अजून बंदच, पुढच्या तालुक्याच्या गावात दुसऱ्या हवालदारांनी थांबवलं. जवळ येऊन म्हणाले, "काका, डावा ब्रेकलाइट लागत नाही. पावसात मागच्याला कळणार नाही. पंपाच्या शेजारी वायरमन आहे, आत्ताच बदलून घ्या, मग पुढे जा." बल्ब पन्नास रुपयांच्या आतला. दहा मिनिटांत बसला. ज्या माणसाने दंड केला त्याच्यामुळे दिवा लागला नाही. ज्याने रस्ता दाखवला त्याच्यामुळे लागला.

माझं म्हणणं एवढंच आहे की किरकोळ बिघाडासाठी थांबवण्याचा हेतू गाडी दुरुस्त व्हावी हा असेल, तर दुरुस्तीला मुदत द्यायची सोय हवी. दंड त्यानंतर. तुमचे अनुभव लिहा, चांगले आणि वाईट दोन्ही.

---

अबोली_न

मी नर्स आहे. दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा स्कूटरवरून घरी येते. एकदा हेडलाइटचा बल्ब वाटेत गेला. नाकाबंदीत थांबवलं. बल्बबद्दल एक शब्द नाही. "एवढ्या रात्री कुठून?" "घरी कोण असतं?" "नवरा घ्यायला येत नाही का?" ओळखपत्र दाखवलं तरी प्रश्न चालूच. आजूबाजूला चार जण उभे राहून ऐकत होते. शेवटी चलनही नाही आणि समजही नाही, "जा" म्हणाले. म्हणजे मला थांबवलं होतं कशासाठी?

काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर एका महिला पोलिसांनी अडवलं, कारण नंबरप्लेटवर चिखल बसून आकडे झाकले होते. त्यांनी पहिल्या वाक्यात कारण सांगितलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, मी पुसलं, निघाले. थांबवलेल्या माणसाला कारण सर्वात आधी सांगणं हे कुणाला एवढं जड का जावं?

---

वकील_कोकणातले

सह्यवाट, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण रस्त्यावर दोन्ही बाजूंनी चुकीच्या गोष्टी ठासून सांगितल्या जातात.

गणवेशातल्या पोलिसाने मागितलं तर लायसन दाखवावंच लागतं, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. त्यात वाद घालू नये. पण कागद जवळ नसतील तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियम १५ दिवसांची मुदत देतो. आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत कागदाइतकीच ग्राह्य आहे. "मोबाइलवर चालत नाही, ओरिजिनल दाखव" हे आजही ऐकू येतं, त्याला आधार नाही.

किल्ली काढून घ्यायचा अधिकार देणारं कलम मला या कायद्यात सापडलेलं नाही. गाडी अडकवून ठेवायची तर कलम २०७ आहे, पण ते लायसन नसणं, नोंदणी नसणं, परवाना (परमिट) नसणं अशा गोष्टींसाठी. मागचा दिवा त्यात बसत नाही. लायसन ताब्यात घेतलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोच द्यावी लागते.

आता बिघाडाविषयी. सरसकट लावलं जातं ते कलम १७७: पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १,५००. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हेच १०० आणि ३०० होते. महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. कलम १९० (१) वेगळं आहे. ज्या दोषामुळे गाडी चालवणं धोक्याचं ठरतं, आणि जो दोष चालकाला माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, त्यासाठी १,५०० रुपये. म्हणजे "माहीत होतं का, कळायला हवं होतं का" हा प्रश्न कायद्यानेच विचारलेला आहे. घरातून निघताना लागणारा दिवा घाटात गेला, तर त्या माणसाशी बोलायची भाषा वेगळी असायला कायदा आड येत नाही.

---

ऊसपट्टा

सगळ्यांचं वाचलं. पण "किरकोळ" हा शब्द मला सोसत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडं गळीत हंगामात रात्रभर ऊस वाहतूक चालते. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा भारा बाहेर आलेला, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. माझा चुलतभाऊ मोटरसायकलवरनं येत होता. समोरनं गाडीचा अप्पर डोळ्यावर आला आणि पुढं ट्रॉली उभी आहे हे त्याला दिसलंच नाही. घरात दोन लहान पोरं आहेत त्याच्या.

त्या ट्रॉलीला आधीच्या नाक्यावर कुणी अडवलं असतं, दंड केला असता, शिव्या घातल्या असत्या तरी मी त्या पोलिसाचे पाय धरले असते. आता कारखाने आणि पोलीस मिळून हंगामाच्या सुरवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात, स्वतः उभं राहून लावतात. चांगलं काम आहे. पण जानेवारी उजाडेपर्यंत निम्मे गळून पडलेले असतात आणि परत कोण बघत नाही.

पोलिसानं नीट बोलावं, मान्य. पण दिवा बंद असलेली गाडी रात्री तशीच पुढं सोडू नये.

---

सह्यवाट

ऊसपट्टा, तुमचं म्हणणं मनापासून मान्य. दिवसा एक दिवा बंद आणि रात्री मागे पूर्ण अंधार, या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत, आणि मी वर त्या एका ओळीत लिहायला नको होत्या. पण बघा, दंडाचं चलन हातात देऊन ती ट्रॉली पुढे सोडली असती तर तुमच्या भावाला काय उपयोग होता? रिफ्लेक्टर लावूनच सोडायला हवी होती. मला तेच म्हणायचं आहे.

---

छोटाहत्ती_चालक

मी टेम्पो चालवतो, भाजीपाला आणि किराणा. कारवाल्यांना वर्षातून कधीतरी अडवतात, आमचं रोजचं आहे. आमच्या गाडीत बिघाड शोधायला लागत नाही, दहा वर्षांच्या गाडीत काहीतरी असतंच. पाटा वाकलेला, मडगार्डचा रबर नाही, मागची परावर्तक पट्टी सोललेली, नंबर पुसट. कुठली गोष्ट आज निघेल हे समोरच्याच्या मनावर.

पूर्वी हातात पैसे ठेवले की सुटका. लोक त्याला तोडपाणी म्हणतात, आमच्यात महिन्याची "एंट्री" म्हणतात. ज्याची एंट्री आहे त्याचा मागचा दिवा कुणाला दिसत नाही. ज्याची नाही त्याचा दिवसा दुपारीही दिसतो. ई-चलन आल्यापासून ते कमी झालंय, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण नवीन त्रास असा की फोटो काढतात, थांबवतही नाहीत, आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. मालक पगारातून कापतो. काय बिघडलं होतं ते मला महिन्याअखेरीला कळतं. तोपर्यंत त्याच दिव्यावर पुन्हा चलन झालेलं असतं, आणि ते दुसऱ्यांदाचं म्हणून पंधराशेचं.

थांबवा, पण सांगा तरी काय झालंय.

आणखी एक. वाहतूक पोलीस आणि आरटीओचं वायुवेग पथक यात लोकांचा घोळ होतो. पथकातले इन्स्पेक्टर गाडी खरंच तपासतात, खाली वाकून बघतात. एका साहेबांनी माझ्या पुढच्या टायरची आतली बाजू तारेपर्यंत झिजलेली दाखवली होती. मला स्वतःला दिसली नव्हती. दंड भरला आणि त्यांचे आभार मानले.

---

वकील_कोकणातले

छोटाहत्ती, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला १६७ अ हा नियम कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक साधनांनी केलेल्या कारवाईसाठी आहे. त्यात गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ते चित्रण जपून ठेवायचं असं म्हटलं आहे. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने मशीनमध्ये भरण्याबाबत राज्यभर तक्रारी झाल्या, आणि २०२५ मध्ये वरिष्ठ पातळीवरून खासगी मोबाइल वापरू नका असं परिपत्रकही निघालं. तुमच्या मालकांना महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर तो फोटो उघडून बघायला सांगा. फोटोत दोष दिसत नसेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते.

---

निवृत्त_हवालदार

मी वाहतूक शाखेत बरीच वर्षं काढली. आता घरी आहे म्हणून मोकळेपणानं लिहू शकतो.

सह्यवाट, तुमच्या वडिलांना जो तसा बोलला त्याची बाजू मी घेणार नाही. वर्दीतल्या माणसानं वयाचा मान ठेवलाच पाहिजे. आम्हाला प्रशिक्षणात ते सांगितलं जातं, आणि न सांगताही कळायला हवं.

पण काय होतं ते ऐका. मे महिन्यात चौकात उभं राहायचं. सावली नाही, जवळ मुतारी नाही. महिला कर्मचारी तर पाणीच कमी पितात, त्याचे आजार पुढे निघतात. धूर दिवसभर छातीत. गाडी थांबवली की पहिलं वाक्य, "माझे मामा कोण आहेत माहीत आहे का?" लगेच फोन लावून आमच्या कानाला. दिवसातून पाच-सहा वेळा असं झालं की सातव्याशी, जो बिचारा सरळ आहे, त्याच्याशीही आवाज चढतो. हे चूक आहे, पण असं होतं.

आणि एक गोष्ट बाहेर कुणाला कळत नाही. संध्याकाळी विचारतात "केसेस किती?" माझ्या काळात समज देऊन सोडलेल्या माणसांची कुठंही नोंद नव्हती. मी दिवसभरात वीस जणांना दिवा बदलायला लावला, चार शाळेच्या रिक्षांचे ब्रेकलाइट माझ्यासमोर दुरुस्त करून घेतले, तर माझ्या नावावर शून्य. शेजारच्या पॉइंटवरच्यानं तीस चलनं केली, तो कामाचा माणूस. तुम्ही म्हणता ती मुदतीची सोय झाली आणि "दुरुस्त करून घेतले" हा आकडा चलनाइतकाच धरला गेला, तर पोलिसाचं वागणं तुम्हाला महिन्याभरात बदललेलं दिसेल. मला हे खात्रीनं वाटतं.

---

अबोली_न

हवालदारसाहेब, मुतारीचं वाचून माझा राग अर्धा उतरला. आमच्या वॉर्डात आम्हीही तेच करतो, पाणी कमी पितो. धन्यवाद, लिहिलंत म्हणून.

---

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये ही सोय आहे, म्हणून सांगतो. इथल्या बऱ्याच पोलीस दलांत व्हेइकल डिफेक्ट रेक्टिफिकेशन स्कीम चालते. माझ्या गाडीचा नंबरप्लेटवरचा दिवा बंद होता. पोलिसाने थांबवलं, आधी कारण सांगितलं, मग एक कागद दिला. १४ दिवसांत दुरुस्त करायचं, गॅरेजवाल्याचा शिक्का घ्यायचा, कागद परत पाठवायचा. पाठवला, विषय संपला. दंड शून्य. नाही पाठवला तर पुढची कारवाई होते, त्यामुळे लोक गंभीरपणे घेतात. बिघाड धोक्याचा असेल तर मात्र गाडी तिथेच थांबवतात, मुदत वगैरे नाही.

कॅलिफोर्नियात माझी बहीण असते. तिकडे त्याला फिक्स-इट तिकीट म्हणतात. दुरुस्त करून अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि कोर्टात २५ डॉलर भरले की प्रकरण मिटतं.

---

फिलीकर

अमेरिकेतली दुसरी बाजूही मांडायला हवी. इथे मागच्या दिव्यासाठी थांबवणं हा जीवनमरणाचा प्रश्न झालेला आहे. एप्रिल २०१५ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ चार्ल्सटनला वॉल्टर स्कॉट यांना ब्रेकलाइट बंद म्हणून थांबवलं. पळताना पोलिसाने पाठीत गोळ्या घातल्या. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील यांची गाडी ब्रेकलाइटचं कारण सांगून अडवली, आणि लायसन काढत असताना पोलिसाने त्यांना गोळ्या घातल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. स्कॉट आणि कॅस्टील दोघेही कृष्णवर्णीय.

अशा घटनांनंतर फिलाडेल्फियाने कायदा केला आणि मार्च २०२२ पासून तो लागू आहे. एक दिवा बंद, नंबरप्लेट नीट बसवलेली नाही, तपासणीचा स्टिकर नाही, अशा आठ प्रकारच्या किरकोळ दोषांसाठी केवळ त्याच कारणाने गाडी थांबवायची नाही. पोलिसांच्या संघटनेने विरोध केला, पण शहराने केला कायदा.

मला स्वतःला इथे कधी अपमानास्पद वागणूक मिळालेली नाही. तरीही थांबवलं की मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि न विचारता खिशाकडे हात नेत नाही. पुण्यात असताना मी खाली उतरून हवालदारांशी बोलायला जायचो. इथे तसं करणं जिवावर बेतू शकतं. नुकत्याच आलेल्या मराठी मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगतो.

---

ऊसपट्टा

फिलीकर, त्या लहान मुलीचं वाचून सुन्न झालो. पण थांबवायचंच नाही हा उपाय आमच्या रस्त्यांना चालणार नाही. आमच्याकडं रस्त्यावर दिवे नाहीत, गाडीचाच दिवा काय तो. लेस्टरवाल्यांचा कागद पटला.

---

रानजाई

नंबरप्लेटचा अनुभव. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) लावायची मुदत २०२५ मध्ये सारखी वाढत होती. ज्यांनी नोंदणी करून तारीख घेतली आहे त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असं परिवहन खात्याने जाहीर केलं होतं. माझ्याकडे पावती होती, स्कूटरचे ४५० अधिक जीएसटी भरलेले. तरी एका चौकात "पावती आम्हाला सांगू नका". पुढच्या चौकात पावती बघून सोडलं. दोघांपैकी एकाला ती घोषणा पोचली होती, एकाला नाही. वागणूक माणसावर जाते हे खरं, पण वरून आलेली सूचना पॉइंटवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणं हे कुणाचं तरी काम आहे ना? तो शिपाई बिचारा जुन्याच माहितीवर भांडत होता, आणि मी नव्या.

---

छोटाहत्ती_चालक

नवीन मुलांसाठी कामाची गोष्ट. ब्रेकलाइट एकट्याला बघायचा असेल तर रात्री दुकानाच्या शटरला किंवा भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबा, आरशात लाल उजेड दिसतो. दोन्ही बाजूंचा सारखा आहे का बघा. जुन्या गाड्यांत एकाच बल्बात दोन तारा असतात, एक पार्किंगची, एक ब्रेकची. एक लागते म्हणून दुसरी लागतेच असं नाही, त्यात माणूस फसतो. एक जादा बल्ब आणि फ्यूज डिकीत ठेवा. नवीन एलईडीवाल्या गाड्यांत मात्र पूर्ण दिवाच बदलावा लागतो आणि तो हजारोंच्या घरात जातो, त्यांना मुदत खरंच पाहिजे.

---

सह्यवाट

सगळ्यांचे आभार. परिवहन आयुक्त आणि राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाला निवेदन द्यायचं ठरवलं आहे. मसुद्यात सध्या हे घेतलंय: पहिल्यांदा सापडलेल्या किरकोळ दोषाला दुरुस्तीची मुदत, दुरुस्तीचा पुरावा दिल्यावर चलन रद्द; रात्री मागे अजिबात दिवा नसेल तर सवलत नाही, जागेवर उपाय करूनच गाडी पुढे; आणि दुरुस्त करून घेतलेल्या गाड्यांची नोंद त्या कर्मचाऱ्याच्या कामात. कागदांसाठी १५ दिवस कायद्यातच आहेत, म्हणून तेवढेच मागतोय. अजून काय?

---

अबोली_न

थांबवल्यावर आधी कारण सांगावं, आणि कारणाबाहेरचे घरगुती प्रश्न विचारू नयेत. हे वेगळा मुद्दा म्हणून घ्या, शेवटी चिकटवू नका.

---

निवृत्त_हवालदार

पॉइंटवर सावली, पाणी आणि मुतारी हेही घाला. तुम्ही नागरिकांनी मागितलं तर त्याला वजन येतं, आम्ही मागून थकलो. आणि निवेदनात "पोलिसांच्या गैरवर्तनाबाबत" असा विषय लिहू नका. "किरकोळ दोष दुरुस्तीसाठी मुदत मिळणेबाबत" लिहा, म्हणजे वरचे अधिकारी पुढे वाचतील.

---

छोटाहत्ती_चालक

दुरुस्तीचा पुरावा कुठल्याही जिल्ह्यातल्या चौकीत दाखवता आला पाहिजे. आज नाशकात अडवलं तर उद्या मी नांदेडला असतो. जिथं चलन झालं तिथंच परत या म्हटलं तर माझा एक दिवस आणि डिझेल जातं, त्यापेक्षा पाचशे भरणं परवडतं. हे नाही घातलं तर आमच्यासारख्यांना त्या मुदतीचा उपयोग नाही.

---

सह्यवाट

सगळ्यांचे मुद्दे घेतो. विषयही बदलला. वकीलसाहेब, मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवतोय, कलमं तपासून द्या.